पाय न घालता मशीन चालवून बघा: डिटॉक्सचा 'फरक' तपासायची घरगुती रीत

सध्या बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळ कुठंही जावा, आणि तिकडं खानापूर, निपाणी, चिकोडीला पण तेच, कुणाच्या तरी मंगल कार्यालयात नाहीतर सोसायटीच्या हॉलमध्ये फ्री कॅम्प लागलेला असतोय, बाहेर फ्लेक्स कन्नड-मराठी दोन्हीत, 'शरीरशुद्धी', 'विषारी द्रव्ये बाहेर', 'डिटॉक्स'. आणि प्रत्येक घरात एकजण तरी असतंयच ज्याला तिथं जाऊन फरक पडलाय. मग रात्री जेवताना भांडण. एकाचं म्हणणं, फरक मला पडलाय, तू कोण सांगणारा. दुसऱ्याचं म्हणणं, सगळं थोतांड. दोघंपण ताटावरनं फुगून उठतात आणि पुढच्या आठवड्यात परत तेच.

या भांडणात न पडता ती गोष्ट तपासायची कशी ते लिहितोय. मी डॉक्टर नव्हे. उद्यमबागेत (इथली कारखान्यांची वसाहत) प्लेटिंगच्या टाकीवर, म्हणजे करंट सोडून धातूवर दुसऱ्या धातूचा मुलामा चढवायच्या टाकीवर, काम करतोय, त्यामुळं पाणी, मीठ आणि करंट एकत्र आले की काय होतंय ते मला रोज बघायला मिळतंय, आणि यातलं सगळ्यात फेमस मशीन नेमकं त्याच तीन गोष्टींवर चालतंय.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

'मला फरक पडला' या वाक्यात दोन वाक्यं आहेत. एक, मला बरं वाटलं. दोन, मशीननं विष काढलं म्हणून बरं वाटलं. पहिल्या वाक्याशी कुणी भांडायचं नाही, माझी मावशी म्हणतेय की तिचे गुडघे हलके झाले तर झाले, तिच्या गुडघ्यात मी जाऊन बसलेलो नाही. तपासायचं ते दुसरं. आणि ते तपासायला सोपी रीत म्हणजे त्या सगळ्या खटाटोपातनं माणूसच काढून टाकायचा आणि बाकी सगळं जसंच्या तसं चालू ठेवायचं. माणूस नसताना पण तेच 'विष' बाहेर आलं तर ते माणसातलं नव्हतं. एवढंच. याला लॅब लागत नाही, डिग्री लागत नाही.

पायाचा टब

हे मशीन बऱ्याच जणांनी बघितलं असेल. कोमट पाण्याचा टब, त्यात मीठ, पाण्यात एक गोल धातूचा तुकडा सोडायचा (ते लोक त्याला ॲरे म्हणतात), पाय बुडवून अर्धा तास बसायचं. पाणी आधी पिवळसर, मग हिरवट, मग एकदम विटकरी-तपकिरी, वर फेस, त्यात काळे कण. शेजारी लॅमिनेट केलेला रंगांचा तक्ता: केशरी म्हणजे सांध्यातनं निघालं, तपकिरी म्हणजे लिव्हर आणि तंबाखू, गडद हिरवं म्हणजे पित्ताशय, काळे कण म्हणजे जड धातू, पांढरा फेस म्हणजे लिम्फ. निपाणीच्या बाजूला तर तपकिरी रंग दाखवून सांगायला सोपंच आहे की बघा, तंबाखू बाहेर पडला.

आता माझ्या धंद्याचं बोलतो. मिठाच्या पाण्यात लोखंडाचे दोन तुकडे ठेवून डीसी करंट सोडला की प्लसकडचं लोखंड झिजून पाण्यात उतरतंय आणि मायनसकडं हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, तोच तो फेस. लोखंड पाण्यात पहिल्यांदा उतरतंय तेव्हा हिरवट दिसतंय, हवा लागली की केशरी, मग तपकिरी, म्हणजे गंज. काळे कण पण लोखंडाचेच. तक्त्यावरचे बरेचसे रंग एका लोखंडातनं निघतात, त्यासाठी सांधे नको आणि लिव्हर पण नको.

घरी करून बघायचं असेल तर काचेचा ग्लास घ्या, कोमट पाणी, चमचाभर मीठ, दोन साधे लोखंडी खिळे एकमेकाला न चिकटता उभे, आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. दोन वायरी जोडा आणि बघत बसा. खिडकी उघडी ठेवा. स्टीलचे चमचे वापरू नका, स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतंय आणि ते अशा पाण्यात घातक रूपात उतरू शकतंय. आणि भिंतीच्या प्लगमधनं करंट अजिबात घ्यायचा नाही, चार्जर कापून जोडतो म्हणणारी पोरं घरात असतील तर त्यांना लांब ठेवा. थोड्या वेळातच एका खिळ्याभोवती हिरवट ढग दिसायला लागतोय, खाली गाळ बसतोय, ग्लास हलवला की सगळं पाणी चहासारखं होतंय. दुसऱ्या ग्लासात मीठ कमी घाला, रंग फिका येतोय. म्हणजे रंग किती यायचा ते मीठ आणि करंट ठरवतंय.

कॅम्पवाल्याकडंच करायचं असेल तर अजून सोपं. नम्रपणे म्हणायचं, सर, माझ्या आधी पाच-दहा मिनिटं रिकाम्या टबात चालवून दाखवा की, तेवढंच मीठ आणि तेवढंच कोमट पाणी घालून. मीठ न घालता चालवून दाखवतील, ते चालायचं नाही, कारण बेळगावचं नळाचं पाणी मिठाशिवाय करंट फारसा नेत नाही. आणि एक प्रश्न नक्की विचारा: हा ॲरे ठराविक वापरानंतर बदलावा लागतो, बरोबर? मग त्याचं झिजलेलं लोखंड गेलं कुठं? आमच्या प्लेटिंगमध्ये ॲनोड (प्लसकडचा धातू) झिजला की मालक वजन करून हिशोब मागतोय, इथं तो हिशोब गिऱ्हाइकाच्या लिव्हरच्या नावावर टाकतात.

हे मी एकटाच म्हणतोय असं नाही. २०१२ मध्ये टोरांटोच्या नॅचरोपॅथी कॉलेजच्या लोकांनीच, म्हणजे या बाजूला सहानुभूती असलेल्यांनीच, असलं मशीन तपासलं, पाय घालून आणि पाय न घालता दोन्ही वेळचं पाणी लॅबमध्ये दिलं, माणसांची लघवी आणि केस पण तपासले, आणि विषारी धातू पायातनं बाहेर पडतात किंवा शरीर ते जास्त बाहेर टाकायला लागतंय याचा काही पुरावा मिळाला नाही.

बाकीच्यांना पण तीच रीत

तळपायाला रात्री चिकटवायचे पॅच: आत लाकडाच्या व्हिनेगरची पावडर असते, ओल लागली की काळी पडते, पायाला घाम असतोच. एक पॅच घ्या, चहाच्या भांड्यातनं येणारी वाफ दाखवा. बस. अमेरिकेत २००९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं किनोकी नावाचे पॅच विकणाऱ्यांवर केस घातली होती आणि पुढच्या वर्षी कोर्टानं त्यांच्यावर बंदी घातली.

कानात लावायची मेणबत्ती: जळल्यावर आत जो पिवळा मळ दिसतोय तो मेणबत्तीचं मेण. कानाबाहेर उभी धरून जाळा, तोच मळ मिळतोय. कानात मात्र लावू नका, गरम मेण पडद्यावर पडलेल्या केसेस आहेत.

हातात रॉड धरून मिनिटाभरात सगळ्या अवयवांचा रिपोर्ट काढणारं 'क्वांटम' मशीन: एकाच माणसाचा रिपोर्ट लागोपाठ दोनदा काढायला सांगा, दुसऱ्या वेळी दुसरं नाव आणि वीस वर्षं वेगळं वय सांगून. किंवा तुमच्या नावावर रॉड शेजाऱ्याच्या हातात द्या. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा, पुढं काही बोलायची गरज पडत नाही.

लिव्हर फ्लश जरा नीट सांगायला पाहिजे, कारण यात लोकांना डोळ्यानं खडे दिसतात आणि डोळ्यानं बघितलेलं कोण कसं नाकारणार. दिवसभर सफरचंदाचा ज्यूस, मग एप्सम सॉल्ट (जुलाबाचं मीठ), रात्री ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस, आणि सकाळी संडासात हिरवे मऊ गोळे. व्हॉट्सॲपला फोटो येतात, 'पित्ताचे खडे पडले, ऑपरेशन वाचलं'. २००५ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी एका चाळीस वर्षांच्या बाईचे असेच गोळे तपासून छापलं होतं, त्यात कोलेस्टेरॉल नाही, बिलिरुबिन नाही, कॅल्शियम नाही, म्हणजे खड्यात जे असायला पाहिजे ते काहीच नाही, पाऊण भाग नुसते फॅटी ॲसिड. प्यालेलं तेल पोटात फुटलं, लिंबाच्या रसातल्या पोटॅशियमशी जुळलं आणि त्याचा साबण झाला. ४० डिग्रीला ते दहा मिनिटांत वितळून हिरवं तेल झालं. म्हणजे तपासणी पण सोपी, गोळा बाटलीत घालून आंघोळीच्या पाण्यात धरा (घाण वाटत असेल तर राहू दे), खरा खडा तसा वितळत नाही. आणि त्याच्याही आधीची तपासणी म्हणजे सोनोग्राफी, एक फ्लशच्या आधी, एक नंतर. खडे आधी होते तेवढेच नंतर दिसले तर संडासात काय पडलं ते कळलंच. पण खरंच खडे असतील तर हे करूच नका, तेलानं पित्ताशय आवळतंय आणि खडा नळीत अडकला तर कावीळ नाहीतर स्वादुपिंडाला सूज, मग इमर्जन्सीच.

कुठलं विष, नाव सांगा

डिटॉक्सवाल्याला विचारायचा दुसरा प्रश्न हा. 'टॉक्सिन्स' म्हणून चालायचं नाही, नाव पाहिजे. कारण खऱ्या विषाला नाव असतंय, टेस्ट असते आणि उतारा पण असतोय. शिसं असेल तर रक्तात मोजतात, जास्त असेल तर हॉस्पिटलात चिलेशन देतात, म्हणजे शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध. किडनी फेल झाली तर डायलिसिस, तो खरा डिटॉक्स.

आमच्या भागात तर विष म्हणजे काय ते लोकांना चांगलं माहीत आहे. उसावर, भाजीवर फवारणी करणारा माणूस वारा उलटा फिरला की काय होतंय ते सांगेल. ऑर्गॅनोफॉस्फेट औषध अंगात गेलं तर तोंडाला लाळ, घाम, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, छातीत घरघर. अशा वेळी कपडे काढा, साबणानं अंग धुवा, औषधाची बाटली बरोबर घ्या आणि १०८ ला फोन करून हॉस्पिटल गाठा, तिथं ॲट्रोपिन हा उतारा असतोय, आणि हे औषध ज्याला बंद पाडतंय ते कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम रक्तात तपासता येतंय. तिथं पायाचा टब कुणी काढत नाही.

निपाणीच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांना चक्कर, मळमळ, डोकं दुखणं हे काही मनाचे खेळ नव्हेत. ओल्या तंबाखूच्या पानातलं निकोटिन कातडीतनं आत जातंय हे शेतात तोडणी करणाऱ्यांच्या बाबतीत नीट नोंदलेलं आहे. पण रक्तातलं ते निकोटिन साधारण दर दोन तासाला निम्मं होतंय आणि ते काम लिव्हर स्वतः करतंय, कॅम्प लागायची वाट न बघता. त्या बाईला हातमोजे, कोरडे कपडे आणि वखारीला खिडकी पाहिजे. तिला दर महिन्याला टबात बसवणं म्हणजे ज्यानं खिडकी द्यायची त्याची सोय.

किडनी पण तशीच, दिवसाला १८० लिटरच्या आसपास गाळतेय आणि त्यातनं लघवी म्हणून लिटर-दोन लिटरच सोडतेय, बाकीचं परत रक्तात.

मग बरं का वाटलं?

इथं रिकामा टब चालवून भागत नाही, कारण बरं वाटणं माणसातच आहे. पण कॅम्पला गेल्यावर मशीनशिवाय अजून काय काय झालं त्याची यादी करा. चहा बंद करायला सांगितला. कुंदा, करदंट, रात्रीची भजी बंद. पाणी जास्त. अर्धा तास मोबाइल न बघता गरम पाण्यात पाय घालून बसणं. आणि एक माणूस तेवढा वेळ तुमच्या शेजारी बसून, बाई झोप लागते का, जेवण जातंय का, विचारतोय, जे घरात पोरं विचारत नाहीत आणि ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरला जमत नाही. एवढ्यावर कुणालाही हलकं वाटेल. शिवाय आपण कॅम्पला जातो ते दुखणं सगळ्यात जास्त असतंय तेव्हाच, ते दुखणं काही न करता पण आठवड्याभरात थोडं उतरणारच असतंय. ज्यूसवर राहून पहिल्या दोन-तीन दिवसात वजन उतरतंय ते बहुतेक पाणी, शरीरात साठवलेली साखर संपते आणि तिच्याबरोबरचं तिच्या तिप्पट पाणी जातंय. चपाती सुरू केली की परत.

मशीनचा वाटा यात किती ते काढायचं असेल तर घरात असं करा. कोमट मिठाच्या पाण्याचा टब, वर मोठा टॉवेल असा झाकायचा की पाणी दिसू नये. बसणाऱ्यानं डोळे मिटायचे. घरातला दुसरा माणूस नाणं उडवणार, छापा आला तर मशीन चालू, काटा आला तर बंद, आवाज कळू नये म्हणून टीव्ही लावून ठेवायचा. चालू होतं की बंद ते त्यानं चिठ्ठीवर तारीख घालून लिहायचं आणि डब्यात टाकायचं, टब पण त्यानंच ओतून यायचा. बसणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणाला न विचारता, दुखणं शून्य ते दहा किती ते वहीत लिहायचं. दोन-चार दिवसात काही कळत नाही, महिनाभर तरी चालवा. मग डबा उघडून दोन्ही कागद जुळवा. चालूच्या दिवशी आणि बंदच्या दिवशी आकडे सारखेच आले तर गुण गरम पाण्याचा, आणि ते घरात फुकट आहे. छातीत पेसमेकर (हृदयाचे ठोके सांभाळणारं बॅटरीवरचं यंत्र) असलेल्या माणसानं, गरोदर बाईनं, पायाला जखम असलेल्या शुगरच्या पेशंटनं यात पडायचंच नाही.

आणि सुरू करायच्या आधी एक ओळ लिहून घ्या: काय झालं तर हे काम करत नाही असं मी मानेन? ही ओळ डिटॉक्सवाल्याकडनं पण लिहून मागा, देत नाहीत. कारण त्यांच्याकडं दोन्हीकडनं उत्तर तयार असतंय, बरं वाटलं तर मशीनचा गुण, त्रास वाढला तर 'विष बाहेर पडतंय, घाबरू नका, चालू ठेवा'. हे दुसरं उत्तर लई धोक्याचं आहे.

जे घरात तपासायचं नाही

दुधी भोपळ्याचा रस कडू लागला की थुंकून टाका. २०१० मध्ये दिल्लीत एक शास्त्रज्ञ असा कडू रस पिऊन गेले, नंतर आयसीएमआरनं (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) कमिटी नेमून सांगितलं की कडू रस प्यायचाच नाही आणि पिऊन उलट्या-जुलाब झाले तर लगेच हॉस्पिटल. किडनी कमजोर असलेल्यानं एप्सम सॉल्टला आणि रोज ग्लासभर पालकाच्या ज्यूसला हात लावू नये. कोरोनाच्या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटांच्या लिव्हरला इजा झाल्याचं डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापलं, आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही, तो वाद त्यांचा, पण डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली तर काढा त्याच दिवशी बंद आणि रक्त तपासा. बीपी-शुगरच्या गोळ्या थांबवायला सांगणाऱ्याच्या हॉलमधनं तिथल्या तिथं उठून या.

पंचकर्माचं विचारतील म्हणून सांगतो. वमन-विरेचन (उलटी आणि जुलाब करवून घ्यायचे उपचार) शिकलेल्या वैद्याकडनं करून घेणं आणि कॅम्पवाल्याकडनं 'पंचकर्म पॅकेज' घेणं यात फरक आहेच, शहापुरातच आयुर्वेद कॉलेज आहे, तिथं जाऊन विचारता येतंय. पण प्रश्न तेच विचारायचे. आणि 'सायन्सवाले जडीबुटी बघतच नाहीत' असं कुणी म्हणालं तर त्याला नेहरूनगरला आयसीएमआरची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था दाखवा, आपल्याच गावात आहे.

घरच्यांशी बोलताना

मावशीला मी खिळ्याचा ग्लास दाखवला तेव्हा ती म्हणाली, "ते खिळ्याचं झालं गा. माझं पाय मला ठावं की." मी म्हटलं, "पाय हलके झाले ते खरंच की मावशी, मी कुठं नाही म्हणतोय? पैसे पाण्याचे द्यायचे का खिळ्याचे तेवढं सांग." ती हसली, आणि पुढच्या पॅकेजचे पैसे भरले पण. तरीपण एक काम झालं, तिनं बीपीची गोळी परत सुरू केली, आणि माझं मेन भांडण तेच होतं. सगळं एका बैठकीत जिंकायला जाऊ नका. गोळी पहिली, पैसे दुसरे, मशीन खरं का खोटं ते शेवटी.

पैसे गेले असतील तर

पावती मागा, नाही दिली तर यूपीआयनंच पैसे द्या म्हणजे नोंद राहतेय. पॅम्प्लेटचा आणि फ्लेक्सचा फोटो काढा. शुगर, कॅन्सर, लठ्ठपणा, मुतखडा, पित्ताचे खडे बरे करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानं बंदी आहे, त्यामुळं तो फोटोच कामाला येतोय. कर्नाटकात क्लिनिक चालवायला केपीएमई (राज्याचा खासगी दवाखान्यांचा कायदा) रजिस्ट्रेशन लागतंय, कोल्हापूर-सांगलीकडनं येऊन निपाणीत दुकान मांडणाऱ्यानं महाराष्ट्राचा कागद दाखवला तर तो इथं चालत नाही, नंबर विचारा आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडं कळवा. आणि कंपनी बॉर्डरपलीकडची आहे म्हणून गप्प बसू नका, २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार घालता येतेय. आधी १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावा, पावती समोर घेऊन बसा, पहिला प्रश्न तोच विचारतात.